कुरूप पिंजऱ्याची बाजू

बँकॉकच्या पाटा प्राणिसंग्रहालयाचा मी आभारी आहे. हे वाचून प्राणिमित्र मंडळी माझ्या नावाने बोटं मोडतील, तर खुशाल मोडोत. पिंक्लाओ भागातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या सहाव्या-सातव्या मजल्यावर हे प्राणिसंग्रहालय थाटलेलं आहे. खाली कपडेलत्ते, वर जनावरं. बुआ नोई नावाच्या गोरिला मादीने तिथे सिमेंटची फरशी, जाड गज आणि लोंबते टायर एवढ्यावर वर्षानुवर्षं काढली. तिच्या सुटकेसाठी जगभरातून सह्या गोळा झाल्या, परदेशी गायिका आणि नट्या तिच्यासाठी बोलल्या, थायलंडच्या सरकारला खुलासे करावे लागले. कारण काय, तर जागा कुरूप आहे. फोटो पाहिला की पोटात कालवतं. त्या कुरूपतेने निदान एक काम चोख केलं, आत काय आहे याबद्दल कुणालाही फसवलं नाही.

माझं भांडण आहे ते देखण्या दालनांशी. जिथे शिरताच माणसं ‘अहाहा’ म्हणतात, चष्मा पुसतात, पोराला खांद्यावर घेतात आणि मोबाईल वर करतात, अशा वातानुकूलित, काचबंद, रंगवलेल्या जंगलांशी. तिथे सह्या गोळा होत नाहीत. तिथे पारितोषिकं मिळतात.

दोन्हींच्या मधली एक जागा चीनमध्ये आहे. ग्वांगझू शहरातल्या ग्रँडव्ह्यू मॉलमधलं मत्स्यालय २०१६ साली गाजलं ते ‘पिझ्झा’ नावाच्या ध्रुवीय अस्वलामुळे. बनावट बर्फाचा देखावा, काच, काचेला गाल लावून सेल्फी काढणारी गर्दी, आणि आत कुशीवर पडलेलं अस्वल. ना ऊन, ना उघडी हवा. ‘जगातलं सर्वात दुःखी अस्वल’ म्हणून त्याचं नाव झालं, गवगवा वाढला आणि त्या वर्षाअखेर त्याला काही काळासाठी त्याच्या जन्मस्थानी, तिआनजिनला हलवलं गेलं. मॉलवाल्यांचं नेमकं काय चुकलं? माझ्या मते जगाच्या दृष्टीने त्यांचा गुन्हा एवढाच, की देखावा स्वस्तातला झाला. तीच काच, तेवढीच जागा, पण जरा निष्णात चित्रकार आणि जरा महागडा दिव्यांचा माणूस बोलावला असता, तर तेच अस्वल ‘अनुभव’ म्हणून खपलं असतं. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघी संशोधिकांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं, की प्राणिसंग्रहालयातलं ध्रुवीय अस्वलाचं ठरावीक आवार हे त्याच्या रानातल्या किमान वावराच्या दहा लाखांश भागाएवढं असतं. दहा लाखातला एक. उरलेले नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव भाग भिंतीवर रंगवायचे असतात. तेव्हा चित्रकार चांगलाच हवा.

ही रंगवारंगवी कशी चालते ते जरा बघण्यासारखं आहे. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी ताणायची, जाळीवर दाबाने सिमेंट फवारायचं. ते ओलं असतानाच कारागीर त्यात भेगा, कपारी, थर कोरतात. मग रंग. शेवाळाचा हिरवा, गंजाचा तांबूस, हौस दांडगी असेल तर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळसुद्धा. झाडांची खोडंही अशीच घडतात. अमेरिकेत ओमाहाच्या हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालयात १९९२ साली ‘लीड जंगल’ उघडलं, सुमारे ऐंशी फूट उंच छताखाली. तिथली धबधब्याशेजारची अजस्र झाडं सिमेंटची आहेत. ब्राँक्समधल्या १९८५ च्या ‘जंगलवर्ल्ड’मध्येही तेच. बडा घर पोकळ वासा ही म्हण आमच्या पूर्वजांनी माणसांसाठी रचली होती, ती इथे अक्षरशः खरी झाली.

आणि जी झाडं खरी असतात त्यांच्याजवळ जनावराला जाऊ देत नाहीत. माकड झाडावर चढलं की पानं ओरबाडणार, साल सोलणार, दोन महिन्यांत झाडाचा खराटा करणार. मग देखावा कसा टिकायचा? म्हणून झाडाभोवती बारीक तार फिरवलेली असते, सौम्य विजेचा झटका देणारी. प्रेक्षकाच्या डोळ्यात खुपू नये म्हणून ती कधी वेलीच्या रूपात येते, कधी गवताच्या पात्यात दडते. म्हणजे जंगल आहे, फक्त ज्याचं जंगल त्याने हात लावायचा नाही. भाड्याच्या घरातल्या मालकिणीची शोकेस अशीच असायची, पण ती निदान झटका देत नसे.

संगीत नाटकांच्या काळात आपल्याकडे रंगवलेल्या पडद्यांचं मोठं वेड होतं. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी जे पडदे रंगवले, त्यांची वाखाणणी अजून होते. वनातला प्रवेश आला की अरण्याचा पडदा सुटायचा. प्रेक्षक फसायचे आणि फसल्याचा आनंद घ्यायचे. पण त्या अरण्यासमोर उभा राहून गाणारा नट मध्यंतरात चहा प्यायचा, रात्री रंग पुसून बिऱ्हाडी जायचा आणि महिनाअखेर पगार मागायचा. पडदा खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. प्राणिसंग्रहालयाच्या पडद्यापुढे जो उभा आहे त्याला हे ठाऊक नाही, किंवा पहिल्याच दिवशी ठाऊक झालं आणि पुढची वीस वर्षं त्याचं काही करता आलं नाही. दोन्हींतलं काय अधिक वाईट, ते वाचकाने ठरवावं.

आता मूळ मुद्द्याला हात घालतो. सस्तन प्राणी हा मुळात बघण्यासाठी जगणारा प्राणी नव्हे. माकडं, वानरं आणि आपण, एवढी एक डोळेवाली शाखा सोडली तर बाकीचा बहुतेक गोतावळा नाकाने आणि कानाने जगतो. वाघ झाडावर मूत्र फवारतो ते सीमेची पाटी लावण्यासाठी. अस्वल खोडाला पाठ घासतं, उदमांजर गंध सोडत जातं, साळिंदराची रात्र तर नाकानेच उलगडते. अशा जिवाच्या घरात आपण लाखो रुपये कशावर खर्चतो? रंगावर. मागच्या भिंतीवरच्या क्षितिजावर. ढगांच्या छटांवर.

आणि गंधाचं काय करतो? रोज सकाळी धुऊन टाकतो. बंदिस्त जागेत वास कोंडतो, तिकीट काढून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो, तक्रार करतो. म्हणून पाण्याचा पाइप, जंतुनाशक, फिनेल. रात्रभर त्या जनावराने जमिनीवर, कोपऱ्यावर, ओंडक्यावर जे काही लिहून ठेवलेलं असतं ते सकाळी कर्मचारी पुसून टाकतो. दुसऱ्या रात्री ते पुन्हा लिहितं. स्विस प्राणिशास्त्रज्ञ आणि प्राणिसंग्रहालय संचालक हाइनी हेडिगर यांनी १९४० च्या दशकातच बजावलं होतं की पिंजरा किती मोठा यापेक्षा त्यात काय आहे हे महत्त्वाचं, आणि गंधाच्या खुणा हा त्या ‘काय’चा मोठा भाग आहे. ऐंशी वर्षं झाली. आम्ही अजून ढग रंगवतोय.

ध्वनीचीही तीच कथा. सिमेंटचे खडक, टाइल्स, काच, पत्र्याचं नाहीतर प्लॅस्टिकचं छत, सगळं कडक. शाळेच्या दोन सहली एकदम आत शिरल्या की तिथे जे घुमतं ते माणसालाही सोसत नाही. कान बारीक आवाज टिपण्यासाठी घडलेल्या प्राण्याचं काय होत असेल, त्याचा हिशेब दालनाच्या नकाशात कुठेच नसतो. नकाशात असतं ते ‘व्ह्यूइंग’.

हे सगळं एकाच आवारात, काळाच्या क्रमाने बघायचं असेल तर लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जावं. आपली मराठी मंडळी युरोप सहलीत राजवाडा, घड्याळ आणि मेणाचे पुतळे बघून परततात, त्यातून वेळ काढून इथे अर्धा दिवस घालवला तर वास्तुकारांच्या अहंकाराचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पदरात पडतो.

सुरुवात मात्र चांगली आहे. डेसिमस बर्टनचं जिराफघर १८३७ चं. दिसायला साधी विटांची इमारत, फक्त दारं विलक्षण उंच. का, तर जिराफ उंच असतो. संपलं तत्त्वज्ञान. ती इमारत आजही जिराफांसाठीच वापरात आहे. ती सुंदर आहे असं मला वाटतं. म्हणजे सौंदर्याशीच माझं वैर आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. जनावराच्या मापाने बेतलेली वस्तू सुंदर निघाली तर मी टाळ्या वाजवायला पहिला उभा राहीन.

त्यानंतर विसावं शतक येतं आणि वास्तुकार येतात. बर्थोल्ड ल्युबेटकिन आणि त्याच्या टेक्टन मंडळींनी १९३३ साली गोरिलाघर बांधलं. गोल, शुभ्र, फिरत्या पडद्याने अर्धं मिटणारं, आधुनिक शैलीचा पाठ्यपुस्तकी नमुना. मोक आणि मोइना या दोन गोरिलांसाठी ते होतं. मोक १९३८ मध्ये मेला. घर अजून उभं आहे, गोरिला तिथून कधीच गेले. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, त्याच मंडळींनी पेंग्विनांचा तलाव बांधला, एकमेकांत गुंफलेल्या दोन उतारांचा. त्याचे फोटो जगातल्या प्रत्येक वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने पाहिले असतील. पेंग्विन २००४ मध्ये तिथून हलवले, ते परतले नाहीत. आणि २०१९ साली खुद्द ल्युबेटकिनच्या मुलीने जाहीरपणे म्हटलं की आता हा तलाव उडवून द्यावा. पेंग्विन पक्षी आहे, सस्तन नाही, हे मलाही माहीत आहे. पण असा साक्षीदार मिळाल्यावर जातकुळी कोण बघतो?

खरा कळस मात्र सर ह्यू कॅसन यांच्या हत्ती-गेंडा मंडपाचा. १९६५ साली तो उघडला. खडबडीत, उभ्या पन्हाळ्या पाडलेलं सिमेंट, हत्तीच्या कातडीची आठवण करून देणारं. वरून बघितलं तर पाणवठ्यावर जमलेल्या हत्तींसारखे घोळके करून उभे राहिलेले तांबड्या-हिरव्या तांब्याच्या छपराचे बुरूज. आत प्रेक्षक मंद अंधारात चालणार आणि हत्तींवर छपरातून उजेडाचा झोत पडणार. रंगमंचाची सगळी अक्कल तिथे ओतली होती. चार हत्ती आणि चार गेंडे एवढी सोय. पारितोषिक मिळालं, समीक्षक भारावले. इमारत हत्तीसारखी दिसावी यावर एवढं डोकं खर्च झालं, की हत्तीला कळप लागतो, मैलोन् मैल चाल लागते, पायाखाली माती लागते, हे सांगायला बैठकीत बहुधा कुणाला वेळच मिळाला नाही. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका हत्तिणीकडून अनुभवी राखणदाराचा जीव गेला आणि त्यानंतर उरलेले हत्ती व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयाच्या मोकळ्या कुरणांवर पाठवले गेले. लंडनमधला हत्तींचा मुक्काम तिथे संपला. मंडप? तो आहे तिथेच आहे. तो वारसा वास्तू आहे. त्याला हात लावायला परवानगी लागते. आता तिथे मावेल असा प्राणी शोधून आणायचा असतो. इमारतीला कायद्याचं संरक्षण आणि जनावराची बदली, हा न्याय मला फार बोलका वाटतो.

जाता जाता एक भारतीय प्रकरण. २०१६ साली याच आवारात राणी एलिझाबेथच्या हस्ते ‘लँड ऑफ द लायन्स’ उघडलं. आशियाई सिंहांसाठी चक्क सासण गीर उभं केलंय. रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, रिक्षा, पडकं देऊळ. आम्हाला आमचाच गाव नेपथ्य म्हणून तिकीट काढून बघायला मिळतो. सिंहाला त्या रिक्षेचा उपयोग काय हे मला कळलेलं नाही. पण लंडनवाल्यांना हसण्याचा अधिकार आपल्यालाही फारसा नाही. गीरच्या सिंहांना मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये दुसरं घर द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं होतं. कुनोत २०२२ च्या सप्टेंबरात आफ्रिकेतले चित्ते उतरले, कॅमेऱ्यांसमोर. सिंह अजून वाट बघतोय. तिकडे सिंह आणि खोटं गीर, इकडे कॅमेरे आणि खोटं आश्वासन.

आता लंडनहून आग्नेयेला, केंट परगण्यात हाउलेट्सला चला. हे जॉन अ‍ॅस्पिनॉल या जुगारखाने चालवणाऱ्या गृहस्थाचं खाजगी प्राणिसंग्रहालय, १९७५ पासून लोकांसाठी खुलं. गृहस्थ वादग्रस्त होता. राखणदारांनी वाघ-हत्तींच्या पिंजऱ्यात शिरून त्यांच्याशी सलगी करावी असा त्याचा आग्रह, आणि त्यापायी तिथे माणसं मेली आहेत. त्याला संत करण्याची माझी इच्छा नाही. पण त्याच्या गोरिलांच्या पिंजऱ्याकडे बघा. अगदी पिंजराच. लोखंडी खांब, वरपासून खालपर्यंत जाळी, दोऱ्या, घसरगुंड्या, झोके, आणि जमिनीवर गुडघाभर गवताचा पेंढा. पेंढ्यात दाणे, शेंगदाणे फेकलेले. गोरिला दिवसभर बसून ते वेचतात, उकरतात, भांडतात, झोपतात. मागे रंगवलेलं काँगो नाही. फोटो भिकार येतो, प्रत्येक चेहऱ्यावर जाळीची रेघ. आणि या दरिद्री दिसणाऱ्या जाळीत शंभराहून अधिक गोरिला जन्मले. गोरिलाला बंदिवासात पिल्लं होणं ही गोष्ट जगभरच्या टापटीप, पांढऱ्या टाइल्सच्या दालनांत दुर्मीळ होती, त्या काळात याने हे करून दाखवलं. समीक्षकांपैकी कोणी त्या पेंढ्याला पारितोषिक दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

बंदिवासातल्या जनावराला खरोखर ज्या वस्तू हव्या असतात त्या बहुतेक बघवत नाहीत. अग्निशमन दलाचे बाद झालेले पाइप, त्यांचा विणलेला झोपाळा. पुठ्ठ्याची खोकी. गोणपाट. भोकं पाडून खाऊ लपवलेलं प्लॅस्टिकचं पिंप. तोडून टाकलेल्या फांद्यांचा ढीग, जो दुपारपर्यंत कचऱ्यासारखा दिसतो. ओरांगउटानला बोर्निओच्या चित्राचा काडीचा उपयोग नाही, त्याला लोंबकळायला पाइप हवा आणि अंगावर घ्यायला गोणपाट. मी एका महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलाच्या आवारात ठेवलेलं निळं पिंप बघून खूश झालो होतो. शेजारी उभ्या अधिकाऱ्याने मात्र खजील होऊन सांगितलं, “साहेब, ते उद्घाटनाच्या आधी काढून घेतोय. मंत्रिमहोदय येणार आहेत, फोटोत वाईट दिसेल.” अस्वल त्या पिंपावर झोपलं होतं. मी विचारलं, “अस्वलाला विचारलं का?” तो हसला. बिचाऱ्याची नोकरी होती.

निशाचर घरांचा प्रकार तर वेगळाच. तिथे फक्त जागा नव्हे, काळही प्रेक्षकाच्या सोयीने फिरवतात. रात्री दिवे प्रखर लावायचे म्हणजे प्राणी झोपतील. सकाळी दहाला अंधार करायचा म्हणजे वटवाघूळ, लोरिस, उदमांजर आपल्या कार्यालयीन वेळेत जागे राहतील. ही युक्ती ब्रिस्टलने १९५३ मध्ये वापरली, ब्राँक्सच्या ‘वर्ल्ड ऑफ डार्कनेस’ने १९६९ मध्ये गाजवली आणि २००९ मध्ये पैशांच्या तंगीत ते कुलूप लावून बंद झालं. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातही असं घर आहे. वेळ फिरवणं मी एकवेळ समजू शकतो, लपूनछपून जगणाऱ्या या प्राण्यांना लोकांनी बघितलंच नाही तर त्यांच्यासाठी कोण बोलणार, असा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण दिवा कोणत्या रंगाचा लावायचा?

इथे देखणेपणाचा मासला बघा. चांदणं म्हटलं की आपल्याला निळं दिसतं. नाटकात निळा झोत, सिनेमात निळी काच, पिढ्यान् पिढ्या. म्हणून निशाचर घरातही निळा दिवा लागतो, आणि प्रेक्षक कुजबुजतो, “काय रात्र केलीय!” आता त्या प्राण्याचा डोळा. अंधारात काम करणाऱ्या त्याच्या डोळ्यातल्या पेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात. शिवाय शरीराला ‘रात्र झाली’ असा निरोप देणारं मेलाटोनिन दाबून टाकायला हाच निळा उजेड सर्वात पटाईत. म्हणजे आपल्याला जी कवितेतली रात्र दिसते ती त्याला कटकटीची संध्याकाळ. लाल उजेड त्याला फारसा जाणवत नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत लोरिस आणि पोटो या निशाचर प्राण्यांवर जे अभ्यास झाले, त्यांत लाल उजेडात ते अधिक हालचाल करतात असं आढळलं. पण लाल दिव्यात दालन फोटोग्राफरच्या जुन्या डार्करूमसारखं दिसतं. पोरं म्हणतात, भूत बंगला आहे. पालकांना ते प्रसन्न वाटत नाही. झालं, निळाच ठेवा. त्यात पुन्हा मोबाईलचा फ्लॅश, काचेवर अंगठीची टकटक, आणि “अरे उठव रे त्याला” अशी एखाद्या काकांची फर्माईश. त्या काकांना बाहेर काढणारा पहारेकरी मला अजून कुठे भेटलेला नाही.

प्रतिपक्षाचं म्हणणं मला पाठ आहे. सुंदर दालन बघून मुलांना निसर्गाची ओढ लागते, लोक पैसे देतात, त्या पैशातून रानं वाचतात. यातला पैशाचा भाग काही ठिकाणी खरा आहे. ब्राँक्समध्ये १९९९ साली ‘काँगो गोरिला फॉरेस्ट’ उघडलं, तिथे वेगळं तिकीट होतं आणि ते पैसे काँगो खोऱ्यातल्या कोणत्या कामाला जावेत हे बाहेर पडताना प्रेक्षकच निवडायचा. त्यातून लाखो डॉलर उभे राहिले. त्यांना माझा नमस्कार. पण ज्यांच्या रंगवलेल्या जंगलातून एक रुपयाही खऱ्या जंगलात पोचत नाही त्यांनी हे उदाहरण फडकवू नये. आणि मुलांची ओढ? येरझारा घालणारा बिबट्या सुंदर हिरवळीपुढे बघून मूल शिकतं ते एवढंच, की बिबट्या असाच असतो आणि त्याचं बरं चाललंय. गजांमागे बघितला असता तर निदान विचारलं असतं, “बाबा, याने काय केलं?”

झुरिकने मात्र एक धाडस केलं. २००३ साली त्यांनी अकरा हजार चौरस मीटरचं मासोआला दालन उघडलं, मादागास्करच्या रानाचं. पारदर्शक छपराखाली खरी झाडं वाढवली आणि लेमूर त्यांत मोकळे सोडले. तार नाही, काच नाही. परिणाम असा, की पुष्कळ लोक तासभर हिंडून घामाघूम होतात आणि एकही लेमूर न बघता बाहेर येतात. कुरकुरतात. मला ती कुरकुर फार गोड वाटते. तिकीट काढलं म्हणून लेमूरने हजर राहायचं असं कुठे लिहिलंय? त्या दालनाच्या मिळकतीतून मादागास्करमधल्या खऱ्या मासोआला राष्ट्रीय उद्यानाला मदत जाते, हेही नोंदवतो. बंदिस्त दालन बांधायचंच असेल तर ते असं बांधता येतं. पण त्यासाठी जनावर न दिसण्याची जोखीम घ्यावी लागते, आणि ती घेणारा संचालक निवडून आलेल्या नगरसेवकांपुढे किती दिवस टिकेल?

नगरसेवकांवरून आपल्या भायखळ्याकडे येऊ. राणीची बाग ही १८६० च्या दशकातली बाग. तिथला गोरखचिंचेचा बुंधा, तिथली हजारो जुनी झाडं ही मुंबईची खरी दौलत, आणि ती वाचवण्यासाठी मुंबईकरांना महापालिकेशीच भांडावं लागलं होतं. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यातला एक त्याच वर्षी मेला, २०१७ च्या मार्चमध्ये काचेचं थंडगार दालन लोकांसाठी उघडलं आणि पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपयांवर गेलं. पेंग्विन बघायला गर्दी मात्र झाली. त्या गर्दीने राज्यभरच्या प्रशासनांना धडा शिकवला, की काच लावा, थंड हवा सोडा, मागे काहीतरी रंगवा, लोक येतात. तेव्हापासून जिथे तिथे नव्या आराखड्यांत काचेची प्रेक्षक-गॅलरी असते आणि बनावट खडक असतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांनी सिमेंटचे खडक विकत घ्यावेत यातला विनोद कुणालाच दिसत नाही.

आणि या सगळ्या आराखड्यांत जी खोली कधीच रंगीत चित्रात दाखवत नाहीत, ती मागची. संध्याकाळी पाचला फाटक बंद झालं की वाघाला देखाव्यातून हाकून मागे घेतात. खाणं तिथे, रात्र तिथे, सकाळी पुढची साफसफाई होईपर्यंत तिथेच. केंद्र सरकारने १९९२ साली प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेसाठी जे नियम केले, त्यांत वाघ-सिंहांच्या अशा खोलीचं किमान माप दिलं होतं: लांबी २.७५ मीटर, रुंदी १.८० मीटर, उंची ३ मीटर. मुंबईतल्या चाळीच्या न्हाणीघरापेक्षा मोठी, खोलीपेक्षा लहान. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा देखाव्याचा वेळ धरला, तर चोवीस तासांतले सतरा तास तो वाघ तुम्ही पन्नास रुपये देऊन जे बघितलं त्यात नसतोच. तो लोखंडी दार, सिमेंटची फरशी आणि फिनेलचा वास यांत असतो. म्हणजे पाटाच. फक्त मागच्या बाजूला.

म्हणून पुढच्या वेळी महापालिका प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची निविदा काढेल, आणि ती काढणारच, तेव्हा माझी मागणी लिहून घ्यावी. खडकांचं, क्षितिजाचं आणि धबधब्याचं पान आराखड्यातून आधी फाडा. त्या पैशात मागची खोली चौपट करा, फरशीवर माती आणि पेंढा घाला, निळं पिंप ठेवा, छताला खिडकी पाडा, दोन खोल्यांमधलं दार रात्री उघडं ठेवा. आणि एवढं करूनही लोकांना दाखवायला काच लावायचीच असेल, तर ती त्या मागच्या खोलीला लावा.